पोटसोयरीक

मालनबाई जमदाडे डोळे दाखवायला मिरजेला गेल्या आणि डॉक्टरीणबाई विचारत बसली पोटाचं. शौचाला रोज होते का, पोट गुडगुडतं का, लहानपणी घरात काय शिजायचं, पाणी कुठलं प्यायचात. मालनबाईंनी सुनेकडं मान वळवली.

"स्नेहल, खालची पाटी नीट वाचलीस का? डोळ्यांचाच दवाखाना हाय न्हवं?"

"डोळ्यांचाच आहे, आत्या."

"मग ही पोरगी माझ्या संडासात कशाला शिरती?"

डॉक्टर नसीम मुजावर हसली. हसली हे मालनबाईंना आवाजावरून कळलं, कारण तोंड काही दिसत नव्हतं. त्यांचं दुखणंच असलं इरसाल होतं. जिथं बघावं तिथंच नेमकं पुसलेलं. माणसाचे कान दिसायचे, केस दिसायचे, खांद्यावरचा पदर दिसायचा, पण नाकडोळ्यांच्या जागी राखेचं बोट फिरवल्यासारखा डाग. उजवा डोळा गेल्या सालीच बसला होता, आता डावा त्याच्या मागं निघाला होता. हिंगणवाडीत जमदाड्यांची बेदाण्याची शेड. ढिगातून मूठ उचलायच्या आधीच माल कसा निघणार ते सांगणारी ही बाई, हल्ली जेवायच्या ताटावर वाकून विचारायची, ह्यात काय काय वाढलंय. आणि विचारावं लागलं म्हणून वाढणारीवरच खेकसायची.

"आजी, हा डोळाही वर्षभरात जाईल," डॉक्टर म्हणाली. गोड बोलून फिरवाफिरवी केली नाही, ते मालनबाईंना आवडलं. "पण वाचवता येईल. त्यासाठीच पोटाचं विचारतेय. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. आतड्याला आतून अस्तर असतं. दोन्हीकडं एकाच जातीचे टाके घातलेले असतात. तुमचे ते टाके जन्मापासून कच्चे आहेत."

"आमच्यात काय कच्चं नसतं."

"ह्यात आहे. आतड्याचे टाके उसवले की पोटातले जंतू रक्तात उतरतात. रक्तातून फिरत डोळ्याच्या पडद्यापाशी येतात. तिथलेही टाके कच्चेच. मग आत घुसतात आणि पडदा कुरतडतात. डोळ्यात जंतू पोचतच नाहीत असं पूर्वी डॉक्टर लोक धरून चालायचे. आता तुमच्या पोटातला आणि डोळ्यातला जंतू एकच निघाला, हे आम्हाला यंत्रावर दिसतंय."

"मग इतकी वर्षं मला सुई ओवता येत हुती, ती कशी?"

"कारण पोटात राखणदारही होते. चांगले जंतू. तुम्ही खाल्लेल्या धान्याच्या कोंड्यातून, डाळीच्या सालीतून ते मलमासारखं काहीतरी बनवतात आणि अस्तराला चोपडत बसतात. टाके कच्चे असले तरी उसवू देत नाहीत. मधे कधी मोठं आजारपण झालं होतं?"

स्नेहलच म्हणाली, "न्यूमोनिया झाला होता. माझं लग्न झालं त्याच वर्षी. लई भारी इंजेक्शनं दिली होती."

"जीव वाचला त्या इंजेक्शनांनी. पण राखणदारही त्यातच गेले."

"मग द्या की गोळ्या," मालनबाई म्हणाल्या.

"गोळ्याच देणार आहे. पण हे राखणदार बाटलीत जगत नाहीत, आजी. दुसऱ्या माणसाच्या पोटातूनच आणावे लागतात."

"पोटातनं म्हंजे कुठनं?"

डॉक्टरनं सांगितलं. मालनबाईंनी पदर नाकाला लावला. स्नेहल खिडकीतून बाहेर बघायला लागली.

*

आता जुळणी सुरू झाली. लग्नाला पत्रिका बघावी तशी पोटं बघायची. मुलाचं पोट जुळलं नाही. पुण्यात हॉटेलांचं खाऊन खाऊन त्यानं सगळं धुऊन काढलं होतं. सुनेचं जुळलं नाही. माहेरच्या भावाचंही नाही. डॉक्टर म्हणाली, ह्यात रक्ताचं नातं फारसं कामाला येत नाही, एका भांड्यातलं वर्षानुवर्षं खाल्लेलं माणूस शोधा.

असं माणूस गावात एकच होतं, आणि त्याचं नाव घरात घ्यायची सोय नव्हती.

बायडा. मालनबाईंची धाकटी जाऊ. परकर सोडून नुकतं लुगडं नेसलेली पोर या घरात आली, ती मालनबाईंच्या हातचं खाऊनच बाईमाणूस झाली. एका चुलीवर दोघींनी उभी जवानी काढली. आणि मालनबाईंच्या मुलाच्या लग्नात, भर पंगतीत, नव्या विहिणींच्या देखत ही बायडा म्हणाली, "पुरण जरा कच्चंच राहिलंय, आक्का." झालं. दुसऱ्या दिवशी चुली वेगळ्या, पुढच्या वर्षी बंगले वेगळे, मधे भिंत. दोघा भावांचं म्हणाल तर ते शेडवर एका किटलीतला चहा पीत बसायचे, त्यांना भिंत कुठं आहे हेही ठाऊक नसावं. वेगळ्या झाल्यावर मालनबाईंनी आपल्या घरात ज्वारी बंद केली. गव्हाच्या पांढऱ्याफेक चपात्या, पनीर, बिस्किटं. बायडाच्या चुलीवरून ताकातल्या कण्यांचा वास आला की म्हणायच्या, "दरिद्री खाणं काय सुटायचं न्हाई तिचं."

स्नेहलनं सासूला न विचारता भिंतीपलीकडं जाऊन डबी भरून आणली. आणि जुळणी अशी झाली की मिरजेहून डॉक्टरचाच फोन आला.

मालनबाईंनी ऐकून घेतलं. मग सुनेला म्हणाल्या, "आंधळी हुईन. भिंती चाचपत फिरीन. पण त्या बायडाचं..." पुढचा शब्द त्यांना देवघरासमोर उच्चारता येईना.

"आत्या, डॉक्टर म्हणतात, ते राखणदार मुळात तुमचेच. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या पोटात गेले ते तुमच्या हातच्या जेवणातूनच, तुमच्याच घरातून."

"म्हंजे माझंच हाय?"

"तुमचंच."

"मग तसं आधी बोलावं." बाई पलंगावर टेकल्या. "माझंच माझ्याकडं येतंय, तर त्यात तिचा उपकार कसला? आणायला सांग."

पण बायडाही त्याच चुलीवर भाजलेली. तिनं निरोप धाडला: मागायचं असेल तर थोरलीनं स्वतः यावं. नारळ आणावा, खण आणावा, आणि पुढच्या दारानं यावं.

*

गेल्या. भर दुपारी, सगळी आळी ओट्यावर बसलेली असताना. सुनेच्या खांद्यावर हात ठेवला नाही, भिंतीला बोट लावलं नाही. पायरीवर मात्र अडखळल्या. आत कोणीतरी पटकन उठल्याचं ऐकू आलं आणि परत बसल्याचंही.

"या," बायडा म्हणाली. "बसायला पाट हाय. डावीकडं."

मालनबाईंना समोर दोन कान दिसले, कानात जुनी फुलं दिसली. मधे राख.

"नारळ आणलाय," मालनबाई म्हणाल्या.

"दिसतोय मला. मला दिसतं."

आता सासू उठून जाणार, असं स्नेहलला वाटलं. पण मालनबाई बसूनच राहिल्या.

"कशापायी आणलाय ते बोला की," बायडा म्हणाली.

"तुला ठावं हाय."

"तोंडानं ऐकायचंय. लेकी मागायला आलेली माणसं तोंड उघडत्यात."

"लेकी?"

"मग काय. माझ्या पोटातनं जाणार, तुमच्या घरात नांदणार. लेकीच त्या. उगं वाटेवरच्या न्हाईत. ह्यापुढं मी तुमची विहीण, आन् विहिणीचा मान ठेवावा लागंल."

"त्या मूळच्या माझ्या हायत. डॉक्टरीण म्हणली."

"व्हय? मग सांभाळल्या का न्हाईत? तुमच्या तुम्ही घालवल्या, मी इतकी वर्षं कण्या घालून जगवल्या. दरिद्री खाणं घालून."

ओट्यावरची आळी आता दारापर्यंत आली होती. मालनबाईंनी नारळ पुढं केला. तो घ्यायला बायडाचे हात आले, आणि ते हात, डागाच्या कडेला होते म्हणून, मालनबाईंना स्वच्छ दिसले. बांगड्या तशाच होत्या. हात म्हातारे झाले होते.

"तुझ्या लेकी आमच्याकडं दे," मालनबाई म्हणाल्या. आवाज जेवढा कोरडा ठेवता येईल तेवढा ठेवला. "नीट नांदवीन."

"दिल्या," बायडा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. मालनबाई चहाला थांबल्या नाहीत.

*

गोळ्यांना ना वास होता ना चव. मालनबाईंनी त्या डोळे मिटून घेतल्या, वास येईल म्हणून नाही, तर बायडाचं कान-फुलाचं रूप समोर येत होतं म्हणून. डॉक्टरनं बजावलं होतं, ह्या लेकी ज्या घरून आल्या तिथलंच जेवण त्यांना लागेल. तेव्हा जमदाड्यांच्या स्वयंपाकघरात बऱ्याच वर्षांनी ज्वारीच्या कण्या शिजल्या, हुलग्याचं माडगं झालं, अंबाडीची भाजी आली. भिंतीकडची खिडकी लावून घ्यायची, अशी सुनेला ताकीद होती. पलीकडं वास जाता कामा नये.

घरच्या संडासात मिरजेच्या दवाखान्यानं एक डबी बसवली. रोज सकाळी ती पोटाची हालहवाल परस्पर डॉक्टरच्या टेबलावर कळवायची. मालनबाईंना ते मुळीच पटलं नाही. "सासरी नांदताना सासूनं एवढी पाळत ठेवली न्हाई माझ्यावर," म्हणाल्या.

आणि डागाच्या मधोमध एक दिवस सुनेचं नाक दिसलं. मग नाकाशेजारी डोळा. मालनबाई चहाचा कप धरून तशाच बघत राहिल्या.

"काय झालं, आत्या?"

"केस पिकलं की गं तुझं. तेल लावत न्हाईस का? घरात माझ्या मागं काय चाललंय?"

स्नेहल रडायला लागली. सासू इतक्या दिवसांनी तिचं तोंड बघून बोलली होती, मग बोलणं काय होतं ते कुणी बघावं. त्या दिवशी मालनबाई घरभर फिरून सगळ्यांची तोंडं बघत सुटल्या, नवऱ्याची, नातवाची, शेडवरच्या बायांची, आणि प्रत्येकाला काही ना काही नाव ठेवत सुटल्या. माणसं नाव ठेवून घ्यायला आपण होऊन पुढं येत होती.

एक घर तेवढं राहिलं. भिंतीपलीकडं त्या गेल्या नाहीत. विहिणीनं आधी बोलावणं धाडायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. पलीकडच्या बाईचं म्हणणं, गुण आलेल्यानं आधी सांगायला यायचं असतं.

*

नवरात्र आलं. देवीनं डोळा दिला, आता तिचं तिला द्यायला नको? मालनबाईंनी कडक उपास धरला. धान्याचा कण नाही, भाजी नाही. सकाळी दूध, दुपारी साबुदाणा, झोपताना परत दूध. सून म्हणाली, डॉक्टरना विचारूया. मालनबाई म्हणाल्या, देवाच्या कामात मिरजेची परवानगी कशाला? पण मनात कुठंतरी पाल चुकचुकली असावी, कारण संडासाला त्या शेडवर जायला लागल्या. तिथं डबी नव्हती.

पाचव्या-सहाव्या माळेला समईच्या ज्योतीभोवती राखेचं कडं आलं. तेल कमी झालं म्हणून त्यांनी तेल घातलं. पुढच्या माळेला सुनेचं नाक परत पुसलं गेलं.

डबी मुकी झाली म्हणून डॉक्टर मुजावर बिनड्रायव्हरच्या गाडीतून स्वतःच हिंगणवाडीत आली. घट बघितला, साबुदाण्याचा डबा बघितला, आणि काही न विचारता सगळं समजली. तिच्या आजीचे रोजे तिनं बघितलेले होते. उपासाचं मन तिला सांगायला नको होतं.

"आजी, त्या राखणदारांना साबुदाण्यात खायला काहीच मिळत नाही. कोंडा नाही, साल नाही. उपाशी राहिले की ते आतड्याचं अस्तरच खायला लागतात. राखायला ठेवलेली माणसंच भिंत खातात, कारण तुम्ही त्यांना जेवायलाच घातलं नाहीत."

"देवीला शब्द दिलाय मी. माळा पुऱ्या हुईस्तवर तोंडात अन्नाचा कण घालणार न्हाई."

"तोवर अस्तर राहणार नाही. आणि दुसऱ्यांदा दिलेले राखणदार टिकतील असं मी सांगू शकत नाही."

मालनबाई घटासमोर बसल्या. आयुष्यात दिलेला शब्द त्यांनी मोडला नव्हता, माणसाशी नाही, देवाशी तर नाहीच. डोळा जाणार हे कळत होतं. आणि त्यात एक बारीक काटा सलत होता: सगळ्या गावाची तोंडं बघून झाली, आणि एक तोंड बघायचं राहून गेलं. दिसत होतं तेव्हा आपण भिंत ओलांडून चार पावलं गेलो नाही.

तेवढ्यात पुढच्या दारातून चपलांचा आवाज आला. बायडा. बोलावण्याशिवाय, आणि चपलांसकट थेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंत.

"विहीणबाई, माझ्या लेकी उपाशी मारायला नेल्या व्हत्या का?"

"बायडे, चपला काढ. घट बसलाय."

बायडानं चपला काढल्या, आवाज मात्र खाली आणला नाही. "नीट नांदवीन म्हणाला व्हता. सगळ्या आळीदेखत. ज्या घरात दाण्याला महाग केलं त्या घरात लेक ठेवत न्हाई कुणी. परत द्या माझ्या."

"कशा देऊ परत? काय बोलतीस?"

"मग जेवायला घाला त्यांना."

"उपास हाय माझा."

"तुमचा हाय. नवस कुणी बोलला, तुम्ही. माझ्या लेकींनी बोलला व्हता?"

मालनबाई काही बोलायला गेल्या, पण बायडा थांबायला आली नव्हती. "स्नेहलच्या खेपेला तुम्ही काय केलं, आठवा. सातवा महिना, नवरात्र, पोरीनं उपास धरला. तुम्ही तिच्या हातातनं साबुदाण्याची वाटी काढून घेतली. मी भिंतीपलीकडनं ऐकत व्हते. म्हणालात, दोन जिवांच्या बाईला उपास लागू न्हाई, देवीला कळतंय. म्हणालात का न्हाई?"

"म्हणाले."

"तुमच्या पोटात आज किती जीव हायत? सांगा, डाक्टरीणबाई."

"मोजता येणार नाहीत," डॉक्टर म्हणाली. "कोटींनी."

"कोटींनी," बायडा म्हणाली. "दोघांसाठी माफ हाय, आन् कोटींसाठी न्हाई? एवढी का देवी तुमच्यासारखी हाय?"

स्नेहल आतल्या आत हसू दाबून उभी. मालनबाईंनी घटाकडं बघितलं. घट धूसर होता, पण त्यात उगवलेलं हिरवं धान कडेनं दिसत होतं, बोटभर उंच. ज्वारीच होती ती. देवीच्या पुढ्यात ज्वारी चालत होती, मग पोटात का चालू नये, एवढं त्यांचं त्यांनीच जुळवलं. त्यांनी हात जोडले. ओठ हलले. काय बोलल्या ते देवीला आणि त्यांनाच ठाऊक, पण बोलणं लांबलं नाही, आणि सुरात मागणी कमी, कळवणं जास्त होतं.

"आमच्या घरात आज शिजलेलं काय न्हाई," उठता उठता म्हणाल्या.

"माझ्याकडं कण्या हायत. सकाळच्या. गारढोण."

"गारच बऱ्या लागतात."

"मला काय सांगता? मला शिकवल्या कुणी?"

दोघी भिंतीला वळसा घालून गेल्या. मधल्या वाटेत एक खड्डा होता. बायडानं हात पुढं केला नाही, नुसतं म्हणाली, "हितं उतार हाय." मालनबाईंनी हात धरला नाही, पण पदराचं टोक चिमटीत घेतलं.

*

हिंगणवाडीत त्यानंतर पुष्कळ पोटसोयरिका झाल्या. दवाखान्यात देणाऱ्याला दाता म्हणतात. गावात त्याला विहीण म्हणतात, पुरुष असला तरी. पोटाच्या लेकी दिल्या की नारळ-खण घ्यायचा, नांदवणाऱ्याच्या घरी अधूनमधून जायचं आणि ताटात कोंडा-साल आहे ना ते बघून यायचं. माळ्याच्या आळीतल्या शंकरच्या दारात तर त्याचा भाऊबंदकीतला वैरी रोज दुपारी मटकी घेऊन उभा राहतो, आणि दोघं भांडत भांडत जेवतात. डॉक्टर मुजावर म्हणते, आमच्या पुस्तकात हे नाही, पण इथले आकडे सगळ्यात चांगले आहेत.

मालनबाईंचा डोळा मात्र लगेच आला नाही. अस्तर खाल्लं गेलं होतं, ते परत घालायला वेळ लागला. दिवाळी अंधुकच गेली. दर दुपारी त्या बायडाच्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या, ताक-कण्या खायच्या, आणि मिठाबद्दल काहीतरी बोलायच्या. बायडा म्हणायची, तुमच्या पोटाला चव कळते, तुम्हाला कशाला कळायला पाहिजे.

थंडी पडली होती. बायडा चुलीपुढं भाकरी थापत होती. कानातली फुलं नेहमीची. मालनबाईंनी घास तोंडात घातला, वर बघितलं, आणि चावायच्या थांबल्या. कानांच्या मधे आधी कुंकू आलं. मग भुवया. मग खाली ओठ, एका बाजूला दात गेल्यानं जरा आत ओढलेले. गालावर सुरकुत्या अशा, जणू कोणीतरी माणूस दुमडून ठेवला होता आणि आज उलगडला. मालनबाईंच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं त्या लग्नातली बायडा होती, तरणी, काळीभोर वेणी, फणकाऱ्यानं वळलेलं नाक. ती कधी गेली आणि ही कधी आली, ते दोन्ही त्यांनी बघितलंच नव्हतं.

"काय बघता?" बायडा म्हणाली. हात पिठातच होते.

"म्हातारी झालीस की गं, बायडे."

बायडाची भाकरी तव्यावर पडायची ती हातातच राहिली. "आत्ता दिसलं व्हय तुम्हास्नी?"

"आत्ता दिसलं."

"मग बघा नीट," बायडा म्हणाली, आणि चुलीतला जाळ थोडा पुढं ओढून तोंड त्याच्या उजेडात धरलं.